वादळाचा इशारा आणि काम थांबवण्याचा हक्क

जबलपूरच्या रांझीपासून समुद्राचा सर्वांत जवळचा काठही जवळजवळ सातशे किलोमीटर दूर आहे. व्हेईकल फॅक्टरी आणि खमरियाचा दारूगोळा कारखाना यांच्या आसऱ्याने वाढलेल्या या कामगारवस्तीत चक्रीवादळाचा विषय काढला, तर तो ओडिशाच्या किंवा कोकणातल्या शाखांनी पाहावा, असेच कोणालाही वाटेल. ही समजूत दोन कारणांनी टिकत नाही.

पहिले कारण दर पावसाळ्यात दिसते. बंगालच्या उपसागरात तयार होणारी कमी दाबाची क्षेत्रे ओडिशाचा किनारा ओलांडून छत्तीसगडावरून मध्य प्रदेशात येतात. मंडला-डिंडोरीकडे पडलेले पाणी बर्गीच्या धरणात जमते आणि धरणाचे दरवाजे उघडले की ग्वारीघाटापासून भेडाघाटापर्यंत नर्मदेचा काठ सावध करावा लागतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये विशाखापट्टणमला धडकलेल्या ‘हुदहुद’ वादळाचे अवशेष तर दोन दिवसांत नेपाळच्या अन्नपूर्णा परिसरात बर्फ होऊन कोसळले. तेथे चाळीसहून अधिक माणसे दगावली. दुसरे कारण पोटाचे आहे. समुद्र कधी न पाहिलेले वेल्डर, फिटर, रंगारी देशाच्या आतल्या भागांतून कंत्राटी कामासाठी तेलक्षेत्रांवर आणि बंदरांवर जातात, आणि वादळ त्यांना तेथे गाठते. १७ मे २०२१ रोजी मुंबईपासून सुमारे सत्तर किलोमीटरवर भर समुद्रात जे घडले, ते याच दुसऱ्या कारणाने आमच्या प्रत्येक शाखेचा विषय आहे.

तत्पूर्वी वादळ म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. पूर्वेकडच्या देशांतून येणाऱ्या वृत्तांत ज्याला टायफून म्हणतात, अमेरिकेकडच्या वृत्तांत ज्याला हरिकेन म्हणतात आणि आपल्याकडे ज्याला चक्रीवादळ म्हणतात, ती तिन्ही एकच वस्तू आहे. फरक केवळ समुद्राचा. (‘सायक्लोन’ हा शब्द कलकत्त्यातच घडला. हेन्री पिडिंग्टन याने १८४० च्या दशकात सापाच्या वेटोळ्याच्या कल्पनेवरून तो बनवला.) समुद्राच्या वरच्या सुमारे पन्नास मीटर थराचे तापमान साडेसव्वीस अंशांच्या वर गेले की पाण्याची वाफ मोठ्या प्रमाणावर वर चढते. उंचावर थंड होऊन तिचे ढग बनताना तिच्यात साठलेली उष्णता मोकळी होते, त्या उष्णतेने हवा आणखी वर जाते, खाली दाब घटतो आणि भोवतालची दमट हवा त्या पोकळीकडे धावते. पृथ्वीच्या परिवलनामुळे ही धाव सरळ राहत नाही. उत्तर गोलार्धात ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरू लागते. विषुववृत्तालगत हा वळसा पडत नाही, म्हणून तेथे वादळे जन्मत नाहीत. ऐन पावसाळ्यात वरच्या आणि खालच्या थरांतले वारे परस्परविरुद्ध वाहत असल्याने हा डोलारा सहसा पुरता उभा राहत नाही; आपली मोठी वादळे एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतात ती यामुळेच. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरला पोचला की हवामान खाते त्याला चक्रीवादळ म्हणते. जमिनीवर आल्यावर वाफेचा पुरवठा तुटतो व ते मंदावते, पण पोटातले पाणी ते सोडतच जाते.

अरबी समुद्र एके काळी या बाबतीत शांत मानला जाई. तो तापत चालला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात तेथील चक्रीवादळे सुमारे निम्म्याने वाढली. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ने अलिबागजवळ किनारा ओलांडला आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या केल्या. पुढच्याच वर्षी ‘तौक्ते’ आले.

१४ मे २०२१ रोजी लक्षद्वीपजवळ कमी दाबाचे क्षेत्र तीव्र होत असल्याचे हवामान खात्याने जाहीर केले होते. म्हणजे हाताशी तीन दिवस होते. कोळ्यांच्या होड्या परत फिरल्या. परंतु हीरा तेलक्षेत्रात कामगारांच्या वस्तीसाठी ठेवलेला पी-३०५ हा बार्ज जागीच राहिला. त्यावर २६१ माणसे होती. काम ओएनजीसीचे, कंत्राट अ‍ॅफकॉन्सचे, बार्ज तिसऱ्याच मालकाकडून भाड्याने घेतलेला, आणि अनेक कामगार त्याखालच्या उपकंत्राटदारांचे! वादळात नांगर तुटले, बार्ज वाहवत गेला आणि संध्याकाळी बुडाला. तराफ्यांपैकी बरेचसे फाटलेले होते, अशी वाचलेल्यांची तक्रार आहे. आयएनएस कोची, आयएनएस कोलकाता आणि नौदलाच्या इतर जहाजांनी खवळलेल्या समुद्रातून १८६ जणांना वाचवले. त्या नौसैनिकांच्या धैर्याला आमचा सलाम आहे. बाकीचे परतले नाहीत. ‘वरप्रदा’ या टगवरच्या तेरांपैकी दोघेच वाचले.

पहिला गुन्हा नोंदवला गेला तो बार्जच्या कप्तानावर. त्याचा निर्णय चुकला असेलही. परंतु त्याच दिवशी ‘गाल कन्स्ट्रक्टर’, ‘सपोर्ट स्टेशन-३’ आणि ‘सागर भूषण’ हीही भरकटली होती. सुदैवाने त्यांवरची माणसे वाचली. चार ठिकाणी एकाच दिवशी एकच चूक होते, तेव्हा तिचा उगम एका माणसाच्या डोक्यात शोधणे ही सोयीची चौकशी होय. पावसाळ्यापूर्वी काम उरकायचे, बार्जचे भाडे रोज चढते आहे, बंदरात परतणे म्हणजे दिवस बुडणे, हा हिशेब ज्या व्यवस्थेत केला जातो, तेथे हवामान खात्याचा इशारा वाचला जातो, पण त्यावर काम थांबत नाही. आणि ज्याचा जीव जायचा, त्या वेल्डरला काम थांबवण्याचा अधिकार नव्हता. १९८७ साली कारखाना कायद्यात आलेल्या ४१-एच कलमाने धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराला धोका मालकाच्या कानी घालण्याचा हक्क दिला होता, दूर होण्याचा नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा १९८१ चा १५५ वा करार मात्र, जिवावरच्या धोक्यापासून दूर होणाऱ्या कामगाराला शिक्षा होता कामा नये, असे स्पष्ट म्हणतो.

माणसे वाचवता येतात, याला पुरावा आहे. १९९९ च्या महावादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे मेली. नंतर निवारे बांधले गेले, गावोगाव तालमी झाल्या, आणि २०१३ च्या ‘फायलिन’पूर्वी सुमारे दहा लाख लोक हलवले गेले, मृत्यू पन्नासच्या आत राहिले. १९६३ च्या ‘फ्लोरा’त हजाराहून अधिक माणसे गमावलेल्या क्यूबाने, अमेरिकन आर्थिक वेढ्यात राहूनही, गल्लीगल्लीतल्या समित्यांकडे कोणत्या घरात म्हातारे आहेत, कोणत्या घरात गर्भवती आहे, याची नोंद ठेवून वादळापूर्वी वस्त्या रिकाम्या करण्याची पद्धत बसवली. २००५ च्या ‘डेनिस’मध्ये तेथेही १६ जण गेले, हे लपवण्याचे कारण नाही.

किनाऱ्यावरच्या साथींनी लक्षात ठेवावे की सर्वाधिक बळी वारा नव्हे, पाणी घेते. वादळ समुद्र उचलून किनाऱ्यावर लोटते. १९७० मध्ये पूर्व पाकिस्तानात तीन लाखांहून अधिक लोक गेले ते मुख्यतः या उधाणात. म्हणून सखल वस्ती उजेड असतानाच सोडावी. पत्र्याच्या छपराखाली थांबू नये. उडालेला पत्रा कोयत्यासारखा येतो. वीज बंद करावी, पिण्याचे पाणी भरून घ्यावे, रेशनकार्ड व कागद प्लॅस्टिकमध्ये बांधावेत. वारा एकाएकी थांबला आणि आकाश उघडले, तर बाहेर पडू नये. तो वादळाचा डोळा असतो. तो सरकताच वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो. नंतर पडलेल्या तारांना हात लावू नये व पाणी उकळून प्यावे.

रांझीसारख्या आतल्या शाखांचे काम वेगळे आहे. पी-३०५ च्या मृतांपैकी काहींची ओळख डीएनए चाचणीनेच पटवावी लागली. वस्तीतून समुद्रावरच्या किंवा बंदरावरच्या कामाला कोण गेले आहे, मूळ काम कोणत्या कंपनीचे, कंत्राट कोणाचे, उपकंत्राटदार कोण, हजेरीचा कागद घरी आहे की नाही, याची नोंद शाखेने एप्रिलपूर्वी आणि ऑक्टोबरपूर्वी अशी वर्षातून दोनदा करावी, आणि तिची एक प्रत त्या बंदरातल्या कामगार संघटनेकडे पाठवावी.