रातांब्याचे सरबत आणि 'रास्त भाव'

मे महिन्यात रत्नागिरीला गेलेला जवळजवळ प्रत्येक प्रवासी परतीच्या वाटेवर एक शोध घेत असतो : 'खरे' कोकम सरबत, आणि तेही रास्त भावात. महामार्गालगतच्या दुकानांत लालभडक बाटल्यांच्या रांगा असतात. पण त्यांतील कोणती खरी हे कळत नाही, आणि जी खरी वाटते तिची किंमत ऐकून हात आखडतो. मग ठरलेला उद्गार निघतो : पूर्वी हे किती चांगले आणि किती स्वस्त मिळायचे!

या उद्गारातला 'पूर्वी' तपासून पाहण्यासारखा आहे. कोकणातल्या बहुसंख्य घरांसाठी कोकम सरबत ही विकत घेण्याची वस्तूच नव्हती. जे विकले जात नाही त्याला भाव नसतो. आज ज्याला आपण जुना स्वस्त भाव म्हणतो तो भाव नव्हताच. ती एका घरातल्या बायकांची न मोजलेली मजुरी होती. हे मान्य केल्याशिवाय या पेयाचा इतिहास नीट मांडता येत नाही.

आधी फळाविषयी. कोकमाच्या पिकलेल्या फळाला रत्नागिरीकडे रातांबा म्हणतात, दक्षिणेस मालवण-गोव्याकडे भिरंड. १५३४ मध्ये गोव्यात उतरलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात 'ब्रिंडोंइश' नावाच्या आंबट, आतून लाल फळाचा उल्लेख केला आहे. ते नाव भिरंडाशी जुळते. पुढे शास्त्रीय नावात 'गार्सिनिया' आले, आणि ते ओर्ताच्या सन्मानार्थ असावे असा समज अनेकांचा होतो. तसे नाही. लिनीअसने ते लॉरां गार्सँ या अठराव्या शतकातील निसर्गअभ्यासकावरून ठेवले. नावांच्या साधर्म्याने असे चकवे इतिहासात वारंवार पडतात, म्हणून हे विषयांतर.

एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकाऱ्यांना आणि औषधशास्त्रज्ञांना या झाडात रस होता तो मुख्यतः बियांमुळे. बियांतून निघणारे, थंडीत मेणासारखे घट्ट होणारे कोकमतेल मलमांसाठी उपयोगी पडे. विल्यम डायमॉक आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या 'फार्माकोग्राफिया इंडिका' या १८९० नंतरच्या ग्रंथात त्याची चर्चा आहे. जे परदेशी बाजारात जाऊ शकत होते त्याची अशी नोंद झाली. ज्याने घरातली तहान भागत होती त्याचा हिशेब ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही.

आता मजुरीकडे वळावे. रातांबे सगळे एकदम पिकत नाहीत. झाड उंच, फांद्या खाली झुकलेल्या, आणि फळे एप्रिलच्या मध्यापासून पावसापर्यंत टप्प्याटप्प्याने लाल होतात. एकाच झाडाकडे चार-पाच वेळा जावे लागते. काढलेले फळ फार दिवस टिकत नाही. ते लगेच कापायचे, बिया आणि गर वेगळे करायचे. साल इतकी आंबट की दिवसभर रातांबे फोडणाऱ्या बाईच्या बोटांना एखादी चीर असली तर रात्री झोप लागत नाही, आणि नखांतला रंग पुढे कित्येक दिवस जात नाही. मग तीन वाटा फुटतात. आमसुले करायची तर साली रसात बुडवून उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या. आगळ करायचे तर मीठ घालून रस काढायचा. अमृत कोकम करायचे तर वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवायची आणि साखर सालीतला रस ओढून घेईपर्यंत रोज ढवळायची. या तिन्ही कामांना लागते कडक ऊन, आणि मे सरता सरता कोकणात आभाळ भरून येऊ लागते. एका वळवाच्या सरीत आठवड्याची मेहनत बुरसते.

यातही एक भेद लक्षात घ्यावा. आगळाला मीठ पुरते. साखरेच्या पाकातले सरबत करायला सालींच्या साधारण दुप्पट साखर लागते. साखर गोरगरिबांच्या आवाक्याबाहेर असलेल्या काळात गोड कोकम सरबत हे कोकणच्या कष्टकऱ्याचे रोजचे पेय असणे शक्य नव्हते. त्याच्या वाट्याला येई ते आगळाचे पाणी किंवा पातळ कढी, फार तर गुळाचा खडा. प्रवरानगरपासून सुरू झालेल्या सहकारी साखर कारखान्यांनी १९५० नंतर घाटावरची साखर मुबलक केली, तेव्हा कोकणातल्या बरण्याही भरू लागल्या, असा निष्कर्ष काढणे वावगे ठरणार नाही. 'शतकानुशतकांचे पारंपरिक सरबत' अशी जी जाहिरात केली जाते तिच्यातील परंपरा खरी आहे ती फळाची आणि आंबटाची. गोडवा बराच अलीकडचा.

याच काळात शहरात दुसरे एक पेय चलनात होते. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ मध्ये गोटीच्या बाटलीचे एकस्व घेतले. बाटली उलटी धरून भरायची. वायूचा दाब काचेची गोटी तोंडाच्या रबरी कड्यावर दाबून धरतो आणि वेगळे बूच लागत नाही. हीच आपली गोटी सोडा. मुंबईत दिनशॉजी पांडोळे यांनी १८८९ मध्ये ड्यूक्सचा कारखाना काढला, पुण्यात आणि इतरत्र पारशी सोडावॉटर कारखाने उभे राहिले. या पेयांना पहिल्या दिवसापासून भाव होता. यंत्राची, वायूची, बाटलीची, हमालीची किंमत त्यात मोजलेली असे. बाटली परत यावी लागे म्हणून हा माल कारखान्याच्या आसपासच फिरे. प्रत्येक प्रांताची वेगळी चव टिकली ती बऱ्याच अंशी या परतीच्या बाटलीमुळे. १९९३ मध्ये कोका-कोला देशात परतली आणि तिने पार्ले उद्योगाची थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही पेये विकत घेतली. १९९४ मध्ये ड्यूक्स पेप्सीकडे गेली. पुढे प्लॅस्टिकची फेकाऊ बाटली आली आणि अंतराचे बंधन संपले. प्रांतिक सोड्यांची पडझड झाली ती अशी, सर्वांच्या डोळ्यांसमोर आणि हिशेबाच्या वह्यांत नोंदली जाऊन.

कोकमाची पडझड मात्र अदृश्य राहिली, कारण ते वहीत कधी चढलेच नव्हते. ते मुंबईला जात होते, पण विक्रीला नव्हे. गिरण्यांच्या मुंबईत कामगारांचा सर्वांत मोठा पुरवठा जुन्या, म्हणजे आजचा सिंधुदुर्ग ज्यात सामावलेला होता त्या रत्नागिरी जिल्ह्यातून होई. पुरुष गिरणीत, बायको-आई गावी, हा तिथला संसार. बंदरावरच्या बोटीतून, नंतर एस.टी.च्या टपावरून आणि २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण खुली झाल्यावर रेल्वेच्या डब्यातून आमसुलांची पुरचुंडी आणि आगळाची बाटली चाकरमान्याच्या खोलीवर पोहोचत राहिली. ती भेट होती. पाठवणारीने किती दिवस ऊन धरले हे घेणाऱ्याने विचारायचे नसते. तीच बाटली त्याच्या नातवंडांना 'स्वस्त' म्हणून आठवते.

म्हणून गावातली माणसे कमी झाली, फोडणारे हात थकले आणि सरबताला दुकानात यावे लागले, तेव्हा त्याचा खरा भाव ऐकून गिऱ्हाईक दचकले. ही दचक भागवण्यासाठी बाजाराने जो उपाय काढला तो सर्वश्रुत आहे : साल कमी, पाणी जास्त, आंबटपणाला सायट्रिक अ‍ॅसिड, लालीला कृत्रिम रंग. ज्याला लोक फसवणूक म्हणतात तिची मागणी त्यांनीच नोंदवलेली असते. दोष सगळा गिऱ्हाइकाचा नाही, हेही खरे. 'सिंधुदुर्ग व रत्नागिरी कोकम' या नावाला भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे, पण बाटलीत साल किती हे गिऱ्हाइकाला सहज कळेल असे लेबल क्वचितच दिसते.

तरीही शोध घ्यायचाच असेल तर तो डोळसपणे घेता येतो. कोकमाचा नैसर्गिक रंग आम्लात लाल राहतो. थोड्या सरबतात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर तो जांभळट-निळसर किंवा मळकट होतो. सोडा पडूनही लाली तशीच राहिली तर ती फळाची नव्हे. वर्षभर उजेडात ठेवूनही न उतरणारा लाल रंगही संशयास्पदच. पाकाच्या बाटलीत निम्म्याहून अधिक पैसे साखरेच्या आणि काचेच्या वजनाला जातात; बिनमिठाचे आगळ किंवा चांगली आमसुले घेऊन घरी सरबत केले तर तेच पैसे फळापर्यंत पोहोचतात. खरेदी महामार्गावर न करता मेच्या अखेरीस गावातल्या महिला बचत गटाकडे करावी. आणि भाव बाटलीवर न मोजता पेल्यावर मोजावा : ७०० मिलिलिटर दाट पाकात पाचपट पाणी घातले की २०० मिलिलिटरचे एकवीस पेले होतात. त्या हिशेबाने महाग वाटणारी बाटली बहुधा शेजारच्या थंड पेयाहून स्वस्त निघते.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातिस' या जाती काढल्या, कलमांचे तंत्र पसरवले. त्याला कारण आहे. कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बी पेरून वाढवलेले झाड फळ देणारे आहे की नाही हे कळायला सात-आठ वर्षे जातात, आणि सुमारे निम्मी झाडे नर निघतात. कलमाने ही सोडत संपते, झाड बुटके राहते, फळ हाताशी येते. पण फोडायचे काम अजून बहुतेक ठिकाणी हातानेच होते, आणि त्याची मजुरी फळाला मिळणाऱ्या दरातून भागत नसेल तर मालक फळ उतरवतच नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात रत्नागिरीच्या कोणत्याही वाडीत फिरले तर झाडाखाली लाल चिखल झालेला दिसतो. तो न उतरवलेल्या रातांब्यांचा असतो. त्याच आठवड्यात महामार्गावर बाटलीमागे वीस रुपये कमी करण्यासाठी घासाघीस चालू असते.