शेजाराचा भाव

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात लेव्हिटटाऊन ही वसाहत उभारणाऱ्या कंपनीने कृष्णवर्णीयांस घर विकावयाचे नाही, असे धोरणच ठेवले होते. ऑगस्ट १९५७ मध्ये विल्यम व डेझी मायर्स या कृष्णवर्णीय दांपत्याने तेथील एका घरमालकाकडून घर विकत घेतले. लागलीच शेकडोंचा जमाव जमला, खिडक्या फुटल्या, दगड लागून एक पोलीस बेशुद्ध पडला. जमावातील लोक कोणी जमीनदार नव्हते. बहुतेक साधे नोकरदार व कामगार होते, युद्धावरून परतलेलेही त्यांत होते. मायर्सही सैन्यात राहिलेले! परंतु घरांच्या किमती उतरतील, ही सबब पुढे आली. शेजाऱ्याच्या कातडीवरून विटांचा भाव ठरविणारा हा हिशोब आपणांस नवा नाही. आडनाव विचारून खोली नाकारणारे घरमालक याच भाषेत बोलतात. तेथील महापौरांनी डेझीबाईंची जाहीर क्षमा मागितली ती १९९९ साली. विल्यम तेव्हा हयात नव्हते.