औषधांच्या जुन्या बाटल्या

कळवणहून एका भगिनीनें विचारलें आहे कीं, सासरच्या वाड्यांत माळ्यावर औषधांच्या पुष्कळ जुन्या बाटल्या निघाल्या, त्या भंगारवाल्यास घालाव्यात कीं ठेवाव्यात? आमचें उत्तर : निवडून ठेवाव्यात, मात्र त्यांना आधीं पाणी लावूं नये.

कळवणास रेल्वे नाहीं. कांहीं जिन्नस नाशिक-मालेगांवच्या पेठेंतून येत. जाहिरातींतलीं औषधें मात्र बहुधा टपालानें येत व व्ही. पी. सोडवून घ्यावीं लागत. एवढ्या खटाटोपानें आलेली बाटली रिकामी झाली म्हणून कोणी टाकीत नसे. तींत एरंडेल भरीत, गंगोदक ठेवीत. नाहीं तर झांकणास भोंक पाडून, वात ओवून तिची रॉकेलची चिमणी करीत. त्यामुळें कागदासह राहिलेली बाटली दुर्मिळ. कांच दुसरीकडेही मिळेल. तो मळकट कागद एकदां पाण्यांत विरला कीं संपला.

‘पेटंट औषध’ हें नांवच मुळीं फसवें. पेटंट घ्यावयाचें तर कृति जाहीर करावी लागते, आणि या धंद्याचें सारें भांडवल कृति लपविण्यांत. म्हणून बहुतेक कारखानदार नांव व छाप तेवढे नोंदवीत. त्या छापाआड काय असे, तें ब्रिटिश मेडिकल असोसिएशननें १९०९ सालीं पृथक्करणें प्रसिद्ध करून दाखविलें. बीचमच्या नांवाजलेल्या गोळ्यांत कोरफडीचा वाळविलेला रस, सुंठ व साबण निघाला. साडेतेरा पेन्सांच्या डबींत माल सुमारें अर्ध्या फार्दिंगचा!

सुंठ-साबणानें कोणाचा जीव जात नाहीं. ‘क्लोरोडाइन’ची गोष्ट निराळी. हिंदुस्थानांतील फौजेचे डॉक्टर कॉलिस ब्राउन यांनीं तें १८४८ च्या सुमारास पटकीवर काढलें. त्यांत अफू, भांगेचा अर्क व क्लोरोफॉर्म असे. अमेरिकेंतील मिसेस विन्स्लोच्या सिरपांत तर मॉर्फिन होतें, आणि तें दांत येणाऱ्या तान्ह्या मुलांसाठीं विकलें जाई. मूल शांत झालें म्हणून आई सुखावे. कांहीं मुलें पुन्हां जागीं झालीं नाहींत. परक्यांस नांवें ठेवण्यापूर्वीं आपल्याकडची अफूची बाळागोळी आठवावी. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया ती मुलास देऊन कामावर जात. फरक एवढाच कीं, गोळींत अफू आहे हें त्या माउलीस ठाऊक असे. बाटलीवाल्या आईस तें कोणी सांगितलेलें नसे.

आपल्याकडच्या बाटल्याही जपण्याजोग्या आहेत. पनवेलचा धूतपापेश्वर कारखाना १८७२ चा. ‘अमृतांजन’ १८९३ सालीं मुंबईंत निघालें. गिरगांवच्या डोंगऱ्यांचें बालामृत तर घरोघरचें. औषध देशी असलें तरी कांच बराच काळ परदेशी असे. तळेगांवचा पैसाफंडाचा कांचकारखाना १९०८ सालीं व ओगलेवाडीचा १९१६ सालीं निघाला, तेव्हां कोठें इकडचे कारागीर तयार होऊं लागले.

बाटलीचें वय ओळखण्यास सांच्याची शिवण पाहतात. ती मानेशीं थांबली असेल तर तोंड हातानें केलेलें. ओठावरून गेली असेल तर यंत्राचें काम, म्हणजे ओवेन्सचें यंत्र १९०३ सालीं आल्यानंतरचें. पण आपल्याकडे हातकाम पुढेंही चालूं राहिलें, तेव्हां एकट्या शिवणीवर विसंबूं नये. कागदावरील मजकूर अधिक बोलका. कर्नल रामनाथ चोप्रा यांची समिति १९३० सालीं नेमली गेली, १९४० सालीं औषधांचा कायदा झाला, आणि चमत्कारी औषधांच्या जाहिरातींवर बंदी आली ती १९५४ सालीं. मधुमेहापासून वंध्यत्वापर्यंत सारें बरें करण्याची हमी देणारा कागद बहुधा त्यापूर्वींचा. जुन्या मासिकांतील जाहिरातींशीं तो ताडून पाहावा. परंतु आमच्या ग्रंथालयांनीं बांधणी करतांना जाहिरातींचींच पानें फाडून टाकलीं आहेत! घरीं सुटे अंक असतील तर ते रद्दींत घालूं नयेत.

बाटलींत औषध शिल्लक असल्यास बूच उघडूं नये, वास घेऊं नये, मोरींत ओतूं नये. ती मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशी बंद ठेवून जाणत्या औषधविक्रेत्यास दाखवावी. रिकाम्या बाटलीवरची धूळ मऊ कोरड्या कुंचल्यानें झाडावी. आणि ती घरांत कोणाच्या दुखण्यासाठीं आली होती हें सांगणारें वडील माणूस अजून असेल, तर त्यास विचारून तें एका चिठ्ठीवर लिहावें व चिठ्ठी दोऱ्यानें गळ्याशीं बांधावी. डिंकानें चिकटवूं नये.