परिचारिकांची वाण आणि रोग्यांचे प्राण

एखाद्या शहरांत नवें इस्पितळ उघडलें म्हणजे त्या समारंभाचें वर्णन ठरलेलें असतें. इमारत किती मजल्यांची, खाटा किती, यंत्रें कोणत्या देशांतून आणिलीं व शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर कोठें शिकून आले, हें सर्व पाहुण्यांच्या भाषणांत येतें. परंतु रात्रीं दोन वाजतां त्या खाटांवरील रोग्यांकडे पाहावयास किती शिकलेल्या परिचारिका जाग्या असतील, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं व व्यासपीठावरून त्याचें उत्तरही कोणी देत नाहीं. आमचें म्हणणें असें आहे कीं, रोगी आपल्या पायांनीं घरीं जाणार कीं चौघांच्या खांद्यावरून जाणार, हें पुष्कळ अंशीं याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. हें म्हणणें केवळ दयाबुद्धीचें नसून पुराव्याचें आहे, आणि तो पुरावा आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इस्पितळांत दाखल होणाऱ्या माणसांपैकीं बहुतेक अतिदक्षता विभागांत नसतात. तीं औषधोपचाराच्या व शस्त्रक्रियेच्या साध्या वॉर्डांत असतात. कोणाचें आंत्रपुच्छ काढलेलें असतें, कोणाचें मांडीचें हाड बसविलेलें असतें, कोणास न्यूमोनिया झालेला असतो, तर कोणाची मधुमेहामुळें पायाची जखम चिघळलेली असते. या वॉर्डांत डॉक्टरांची फेरी दिवसांतून एकदां किंवा दोनदां होते व एका खाटेपाशीं ते कांहीं मिनिटेंच थांबतात. उरलेले तास रोगी परिचारिकेच्या हातीं असतो. रोगी एकाएकीं ढासळला असें आपण म्हणतों, तेव्हां पुष्कळदां त्याच्या आधीं कित्येक तास त्याचा श्वास वाढलेला असतो, नाडी जलद चालत असते, रक्तदाब उतरत असतो, लघवी कमी झालेली असते, किंवा तो असंबद्ध बोलूं लागलेला असतो. श्वास मोजावयास एक मिनिट लागतें व घड्याळाखेरीज दुसरें साधन लागत नाहीं. परंतु जिला तीस खाटांचीं औषधें, सलाइन, इंजेक्शनें व नोंदवह्या एकटीनें उरकावयाच्या आहेत, तिच्यापाशीं तें एक मिनिटच नसतें. मग तक्त्यावर मोजलेल्या आंकड्याऐवजीं अंदाजाचा आंकडा पडतो, आणि सर्व कांहीं ठीक असल्याचें कागदावर दिसत असतांच रोगी हातचा जातो.

या गोष्टीचा छडा अमेरिकेंत सिल्बर व त्यांचे सहकारी यांनीं १९९२ सालीं लाविला. शस्त्रक्रियेनंतर उपद्रव उद्भवणें हें बरेंचसें रोग्याच्या मूळ प्रकृतीवर अवलंबून असतें. परंतु उपद्रव उद्भवल्यावर रोग्यास वाचवितां येणें न येणें हें इस्पितळाच्या व्यवस्थेवर अधिक अवलंबून असतें, असें त्यांस आढळलें. चांगलें इस्पितळ व वाईट इस्पितळ यांतील खरा भेद येथें आहे. रक्तस्राव किंवा जंतुदोष दोन्हीं ठिकाणीं होतो. एका ठिकाणीं तो वेळेवर कोणाच्या तरी ध्यानांत येतो, दुसऱ्या ठिकाणीं सकाळच्या फेरीची वाट पाहतो.

पुढें २००२ सालीं लिंडा एकेन व त्यांचे सहकारी यांनीं पेनसिल्व्हेनिया प्रांतांतील १६८ इस्पितळें व तेथें शस्त्रक्रिया झालेले २ लाख ३२ हजारांहून अधिक रोगी यांचा हिशेब प्रसिद्ध केला. एका परिचारिकेवर सरासरीनें एक रोगी अधिक पडला, कीं दाखल झाल्यापासून ३० दिवसांच्या आंत मरण्याचा संभव सुमारें ७ टक्क्यांनीं वाढतो, असें त्यांत निघालें. याचा अर्थ शंभरांत सात माणसें अधिक मरतात असा नव्हे. शंभरांत दोन मरत असतील तर त्या दोनांच्या मानानें ही वाढ समजावयाची. पण चाराच्या जागीं आठ रोगी झाले तर ही वाढ ३१ टक्क्यांवर जाते, आणि इस्पितळें हजारों रोगी घेतात, हें ध्यानांत आणिलें म्हणजे आंकडा लहान राहत नाहीं. २०१४ सालीं युरोपांतील ९ देशांतील ३०० इस्पितळांचा असाच हिशेब निघाला. त्यांतही दर वाढत्या रोग्यामागें तेवढेच ७ टक्के आले. शिवाय पदवीपर्यंत शिकलेल्या परिचारिकांचें प्रमाण दहा टक्क्यांनीं वाढलें तर मृत्यूचा संभव तितक्याच मानानें घटतो, असेंही दिसलें. म्हणजे संख्या व शिक्षण हीं दोन्हीं पाहिजेत. एकानें दुसऱ्याची उणीव भरून निघत नाहीं.

वकिली पेशांतील आमचे मित्र येथें हरकत घेतील कीं, हा सारा परिस्थितिजन्य पुरावा आहे. जेथें परिचारिका थोड्या तेथें इतर सोयीही थोड्या असतील, मग दोष एकाच गोष्टीच्या माथीं कां मारावा? हरकत रास्त आहे. वरील संशोधकांनीं रोग्यांचें वय, त्यांचे इतर विकार व इस्पितळांचा दर्जा यांची वजावट करूनच हे आंकडे काढिले होते. तरीही हरकत पुरती मिटत नव्हती. तिचें उत्तर ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतानें दिलें. तेथें २०१६ सालीं निवडक सरकारी इस्पितळांच्या औषधोपचार व शस्त्रक्रिया विभागांस नियम लागू झाला कीं, दिवसाच्या पाळींत ४ रोग्यांमागें व रात्रीच्या पाळींत ७ रोग्यांमागें निदान १ परिचारिका असली पाहिजे. नियम लागू झालेलीं २७ इस्पितळें व न झालेलीं २८ यांची आधींची व नंतरची स्थिति ताडून २०२१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नियमाखालील इस्पितळांत सुमारें १४५ मृत्यु टळले. घरीं गेल्यावर पुनः दाखल व्हावें लागणें कमी झालें. आणि रोग्यांचे इस्पितळांतील मुक्कामाचे दिवसही घटले. आमच्या व्यापारी वाचकांनीं पुढील रकम मुद्दाम पाहावी. वाढीव परिचारिकांचा खर्च सुमारें ३ कोटि ३० लक्ष ऑस्ट्रेलियन डॉलर आला, आणि वांचलेल्या दिवसांची व टळलेल्या दाखल्यांची बचत सुमारें ६ कोटि ९० लक्ष डॉलर झाली. ज्या खात्यांत एक रुपया घातला असतां दोन परत येतात, त्या खात्यांत काटकसर करणें याला शहाणपणाचा व्यवहार कोण म्हणेल?

संख्या हेंच सर्वस्व आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. दर दोन तासांनीं कूस बदलविणें, शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीं रोग्यास आधार देऊन चालविणें, लघवीची नळी गरज संपतांच काढून टाकणें, एका रोग्यावरून दुसऱ्याकडे जातांना हात धुणें, पाळी बदलतांना खाटेपाशीं उभें राहून पुढील बाईस हकीकत सांगणें, हीं कामें दिसावयास क्षुल्लक आहेत, परंतु शय्याव्रण, फुफ्फुसाचा दाह व जंतुदोष यांचे दरवाजे यांनींच बंद होतात. हात धुण्याचा गुण झेमेलवाइस यांनीं व्हिएन्ना येथें १८४७ सालींच दाखविला होता. अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत रक्तवाहिनींत नळी घालण्याच्या वेळीं पाळावयाच्या पांच साध्या गोष्टींची यादी करण्यांत आली व त्यांतील एखादी चुकल्यास डॉक्टरांस तेथेंच थांबविण्याचा अधिकार परिचारिकेस मिळाला. तेव्हां जंतुदोषाचें मध्यम प्रमाण तीन महिन्यांच्या आंत शून्यावर आलें, असें २००६ सालीं प्रसिद्ध झालें. ब्रिटनमध्यें २०१२ सालापासून श्वास, प्राणवायूचें प्रमाण, रक्तदाब, नाडी, शुद्धि व ताप या सहा गोष्टींस गुण देऊन धोक्याची बेरीज काढितात, आणि ती ठराविक आंकड्यापुढें गेली कीं डॉक्टरांस बोलावणें हें परिचारिकेचें कर्तव्यच ठरतें. आमच्याकडे रात्रीं डॉक्टरांस उठविल्याबद्दल तिनें बोलणीं खावीं अशी जेथें रीत आहे, तेथें यंत्रें कितीही आणिलीं तरी फळ काय?

हें सर्व पाश्चात्यांचें आहे, आमच्या देशास त्याचें काय, असें म्हणणाऱ्यांनीं चरकसंहिता उघडून पाहावी. चिकित्सेचे चार पाय तींत सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक व रोगी. परिचारकाच्या अंगीं उपचाराचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं ममता व शुचिता असावी असें सांगून त्यास वैद्याच्या पंक्तीस बसविलें आहे. पुढें आम्ही तो पाय मोडून टाकिला. मलमूत्रास हात लावणें हीन, परक्या पुरुषाची शुश्रूषा करणें अनुचित व रात्रीं घराबाहेर राहणें संशयास्पद, या तीन समजुतींनीं हें काम प्रतिष्ठेच्या बाहेर घालविलें. १८९७ च्या प्लेगांत रोग्यांची सेवा करितां करितां सावित्रीबाई फुले यांनीं देह ठेविला. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं पुण्याच्या सेवासदनानें स्त्रियांस ससून इस्पितळांत या विद्येसाठीं पाठविलें. तरी आजही मुलगी डॉक्टर झाली तर पेढे वांटणारे घर ती परिचारिका होणार म्हटल्यास खालच्या आवाजांत बोलतें. आमच्या बाया या कामांत कोणाहून कमी आहेत असें कोणी समजूं नये. मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळांतील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर १९७३ सालीं प्राणघातक हल्ला झाला. २०१५ सालीं अंत होईपर्यंत सुमारें ४२ वर्षें त्यांची शुश्रूषा त्याच इस्पितळांतील परिचारिकांच्या पिढ्यांनीं केली व अंथरुणास खिळलेल्या त्या देहास शय्याव्रण होऊं दिलें नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०११ च्या निकालांत त्या सेवेचा गौरव केला आहे.

कौशल्य आहे, मग उणें कशाचें आहे? भोर समितीनें १९४६ सालीं सांगितलें कीं, देशांत ४३,००० माणसांमागें एक परिचारिका आहे. तेव्हांपासून आजपर्यंत मोठी मजल गाठली आहे, हें कबूल केलें पाहिजे. पण भारतीय परिचर्या परिषदेनें साध्या वॉर्डासाठीं शिकवणीच्या इस्पितळांत ३ रोग्यांमागें व इतरत्र ५ रोग्यांमागें १ असें प्रमाण सांगितलें, तें अनेक सरकारी वॉर्डांत कागदावरच राहिलें आहे. जी उणीव राहते ती रोग्याचे नातेवाईक भरून काढितात. सलाइन संपली हें सांगावयास पुतण्या धांवतो व कूस बदलावयास वृद्ध आई उठते. खासगी इस्पितळांत गरज वेतनांत कातर लावून भागविली जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या २९ जानेवारी २०१६ च्या आदेशावरून केंद्रानें नेमिलेल्या समितीनें सुचविलें कीं, २०० हून अधिक खाटांच्या खासगी इस्पितळांत वेतन सरकारी परिचारिकेइतकें असावें, आणि ५० हून कमी खाटांच्या ठिकाणींही तें दरमहा २०,००० रुपयांहून कमी नसावें. सूचना उत्तम होती; परंतु सूचना व कायदा यांत किती अंतर असतें, हें ज्यानें कोर्टाची पायरी चढली आहे त्यास सांगावयास नको. २०२३ सालीं संसदेनें १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागीं नवा कायदा मंजूर केला. त्याचा रोख मुख्यत्वें शिक्षण व नोंदणी यांवर आहे, खाटेपाशीं किती परिचारिका पाहिजेत यावर नाहीं.

लहान इस्पितळें अशा प्रमाणानें बुडतील, ही दुसरी हरकत. ती टाळण्याचा मार्ग कॅलिफोर्नियानें दाखविला आहे. तेथें कायदा १९९९ सालीं झाला, अंमल २००४ सालीं बसला. प्रथम औषधोपचार व शस्त्रक्रिया विभागांत ६ रोग्यांमागें १ असें प्रमाण ठेवून पुढील वर्षीं तें ५ वर आणिलें. मुदत द्या, पायऱ्या करा. पण कायदा करा. परिचारिका परदेशीं जातात, मग येथें शिकवून काय उपयोग, ही तिसरी हरकत तर उलट आमच्याच बाजूची साक्षीदार आहे. जेथें मान, पगार व झेपेल एवढें काम मिळतें तेथें माणूस जातो. तें येथें मिळालें तर येथें राहील.

म्हणून आमच्या मागण्या थोडक्यांत अशा आहेत. सरकारी इस्पितळांतील रिक्त जागा भराव्या व कंत्राटी नेमणुका कायम कराव्या. परिचारिका व रोगी यांचें प्रमाण कायद्यांत घालून तें मोडणाऱ्यास, मग तें सरकार असो वा शेठजी, दंडास पात्र करावें. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर त्या पाळीस रोगी किती व परिचारिका किती, हें रोज लिहावें. आणि शय्याव्रणें, खाटेवरून पडणें व जंतुदोष यांचा वार्षिक आंकडा इस्पितळानें प्रसिद्ध करावा. धोक्याच्या बेरजेचा तक्ता प्रत्येक खाटेस असावा व त्यावरून डॉक्टरांस बोलावण्याचा परिचारिकेचा अधिकार निर्विवाद मानावा. यांतील शेवटच्या दोहोंस फारसा पैसा लागत नाहीं. तीं उद्यां सकाळीं सुरू होऊं शकतात.

धनिकांस एक विनंति आहे. वडिलांच्या नांवानें संगमरवरी पाटी लावून नवा कक्ष बांधणें पुण्याचें आहे. पण त्याच नांवानें गांवांतील दहा मुलींच्या परिचर्याशिक्षणाचा खर्च उचलणें त्याहून कमी पुण्याचें नाहीं, आणि त्या पुण्याचा उपयोग रात्रीं दोन वाजतां होतो. मध्यमवर्गीय वाचकांनीं निवडणुकीस उभ्या राहणाऱ्या उमेदवारास नव्या इमारतीऐवजीं वॉर्डांतील परिचारिकांची संख्या विचारावी. २२ मार्च २०२० रोजीं सायंकाळीं सर्व देशानें दारांत उभें राहून थाळ्या वाजविल्या, त्यांत परिचारिकांविषयींची कृतज्ञता खोटी होती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु थाळीच्या नादानें रात्रपाळीची रिकामी जागा भरत नाहीं. ती वेतनानें, कायद्यानें व लोकांच्या जागरूकतेनें भरते. आज जो निरोगी आहे तो उद्यां खाटेवर असेल, आणि त्या वेळीं त्याचा श्वास मोजावयास कोणी असावें कीं नसावें, याचा निर्णय त्यानें आजच करावयाचा आहे.