फॉरमॅट म्हणजे निदान नव्हे!

आंबिवलीला लोकल वेळेत आली नाही की फलाटावर पहिला प्रश्न ठरलेला: गाडी अडकली कुठे? ठाण्याला, कल्याणला की शहाडला? रूळच उखडून नवे टाका, असं कुणी म्हणत नाही. कॉम्प्युटर सुरू झाला नाही की मात्र आपण नेमकं तेच म्हणतो. "फॉरमॅट मार, परत टाक!"

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, ते बऱ्याच जुन्या मशीन्समध्ये नाही. मग लोक लिनक्सकडे वळतात. आमच्या शेजारच्या मुलानेही मिंट टाकलं. इन्स्टॉलेशन व्यवस्थित झालं, रीस्टार्ट केलं आणि... 'नो बूटेबल डिव्हाइस'. दुकानदार म्हणाला, अख्खी डिस्क फॉरमॅट करू. त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर वडिलांच्या बंद पडलेल्या कंपनीच्या थकबाकीचे स्कॅन केलेले कागद होते!

दोष होता एवढाच: पेनड्राइव्ह जुन्या बायोस पद्धतीने सुरू झाला होता, म्हणून ग्रब हा बूटलोडरही तसाच बसला. मशीन मात्र डिस्कवर यूईएफआयचा बूटलोडर शोधत होतं. पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने सुरू केला, ईएफआय पार्टिशनमध्ये ग्रब बसवला, झालं. कागद जागच्या जागी. फॉरमॅट करून पेनड्राइव्ह पुन्हा तसाच लावला असता तर पुन्हा तोच मेसेज आला असता, ही खरी गंमत.

बूट होणं म्हणजे साखळी असते: फर्मवेअर, बूटलोडर, कर्नल, मग बाकीची सिस्टिम. 'नो बूटेबल डिव्हाइस' म्हणजे बूटलोडरच सापडला नाही. 'ग्रब रेस्क्यू' दिसलं तर ग्रब सापडला, पण त्याला त्याच्या फायली मिळत नाहीत. ग्रबच्या मेनूनंतर स्क्रीन काळी पडली तर आधी ग्राफिक्स ड्रायव्हरवर संशय घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर अनेकांचं शेजारी बसवलेलं लिनक्स सुरू होईना. तिथे सिक्युअर बूट जुना बूटलोडर नाकारत होतं. तिथेही फॉरमॅटची गरज नव्हती.

माझं मत साधं आहे. फॉरमॅट हा शेवटचा उपाय, आणि तोही बॅकअप घेतल्यावर. त्याआधी स्क्रीनवरच्या मेसेजचा मोबाइलवर फोटो काढा आणि नीट वाचा. आणि दुकानदाराला बिनधास्त विचारा, "बिघाड नक्की कुठे आहे?" उत्तर देता आलं नाही, तर मशीन उचला आणि घरी या.