वेदीला सुगंध हवा, पण झुडूप आपल्या मातीतले



चर्चचे आवार सुंदर असावे, आत पाऊल टाकताच प्रसन्न वाटावे, ही इच्छा प्रत्येक धर्मग्रामात असते. सण किंवा जुबिली जवळ आली की समिती बसते, वर्गणी जमते आणि रोपवाटिकेतून झाडे आणायचे ठरते. अशा वेळी किमती व दूरदेशच्या झाडांची नावे निघतात. त्यांपैकी एक नाव म्हणजे ऑसमँथस. बारमाही हिरवे, आटोपशीर आणि मधुर वासाचे हे झुडूप जगभरच्या बागांतून नावाजलेले आहे. त्याचा मोह पडणे साहजिक आहे. तरीसुद्धा माझे स्पष्ट मत असे की, आपल्या सपाटीवरील व किनाऱ्यावरील धर्मग्रामांनी त्यावर पैसा घालू नये. सुगंध अवश्य असावा, पण तो आपले पाणी, आपली मुले व गुरे आणि शेजाऱ्याचे पीक यांचा विचार करून लावलेला असावा.

प्रथम या झुडपाची ओळख करून घेऊ. ऑसमँथसचे माहेर हिमालयाच्या पायऱ्यांपासून दक्षिण चीनपर्यंत आहे. कुमाऊंत त्याला सिलंग म्हणतात. कपड्यांना कीड लागू नये म्हणून तेथे त्याची फुले कपड्यांत ठेवण्याची चाल होती. चीनमध्ये ग्वेलिन या शहराचे नावच या झाडांच्या वनावरून पडले आहे. शरद ऋतूत हवा गार झाली की पानांच्या बगलेत बारीक पांढरी, पिवळी किंवा केशरी फुले येतात. ती वाळवून चहात व मिठाईत घालतात.

या झाडाचा आपल्या धर्मसभेशीही एक धागा आहे. ‘ऑसमँथस’ हे नाव ग्रीक शब्दांवरून आले असून त्याचा अर्थ सुगंधी फूल. ते नाव दिले जुआंव द लोरेरो या पोर्तुगीज जेज्वीट मिशनऱ्याने. काही वर्षे गोव्यात व मकावमध्ये काढून तो १७४२ साली कोचिनचायना, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या भागात गेला आणि तेथे सुमारे ३५ वर्षे राहिला. युरोपातील औषधे मिळेनात, म्हणून त्याने तेथल्याच वनस्पतींचा अभ्यास केला. त्याचा ग्रंथ १७९० साली लिस्बनला छापला गेला. पुढे फादर देलावे या फ्रेंच मिशनऱ्याने युन्नानच्या डोंगरांतून याच वंशातील दुसऱ्या एका जातीचे बी १८९० साली फ्रान्सला पाठविले. त्यातले एकच बी रुजले, आणि त्या एका रोपाच्या कलमांवरून ते झुडूप युरोपच्या बागांत पसरले.

आता आपल्या हवामानाकडे वळू. ऑसमँथसला फुलण्यासाठी गार रात्री लागतात. गोव्याच्या दमट, उष्ण किनाऱ्यावर त्या मिळत नाहीत. हैदराबाद, वडोदरा किंवा ग्वाल्हेर येथील एप्रिल-मेचे ऊन त्याला मानवणारे नाही. बेळगाव-खानापूरच्या गारव्यात एखाद्या जाणत्या माळ्याच्या हाताखाली ते जगेलही, परंतु उन्हाळ्यात त्याला नियमित पाणी द्यावे लागेल. ज्या महिन्यांत आपल्या विहिरी तळाला जातात आणि मायबहिणी घागर घेऊन दूरवर चालतात, त्या महिन्यांत शोभेच्या झुडपासाठी वेगळे पाणी काढणे मला योग्य वाटत नाही.

काही जण म्हणतील, देवाच्या घराला दुर्मीळ वस्तू द्यावी. भावना चांगली आहे. पण मरतुकडे दुर्मीळ झाड देवाच्या घराची शोभा वाढवीत नाही. फुलांनी लवलेले साधे झाड ती वाढविते.

यावर दुसरा सोपा उपाय सुचविला जातो तो कण्हेरीचा. ती बारमाही हिरवी असते, काही जातींना मंद वास असतो, पाणी फार लागत नाही आणि गुरे सहसा तोंड लावीत नाहीत. म्हणून तर महामार्गांच्या मधोमध ती लावतात. परंतु महामार्गाच्या मधोमध मुले खेळत नाहीत. चर्चच्या आवारात रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गाला आलेली लहान मुले खेळतात. कण्हेरीचे पान, फूल, साल, मूळ सर्व विषारी असून ते विष हृदयावर परिणाम करते. फांदी वाळली तरी विष जात नाही. छाटलेल्या फांद्या चाऱ्यात मिसळल्या तर शेळी-गाय दगावू शकते, आणि त्या जाळल्या तर धूरही बाधतो. पिवळी कण्हेर, जिच्या बियांना मुले बिट्ट्या म्हणून खेळायला घेतात, तीही तितकीच घातक आहे. मुलाने असे काही चावल्याचा संशय आला तर घरगुती उपाय करीत न बसता ताबडतोब दवाखान्यात न्यावे व झाडाची फांदी डॉक्टरांना दाखवावी.

तिसरे नाव कुंतीचे, म्हणजेच कामिनीचे. तिची गर्द हिरवी पाने आणि पावसाच्या सरीनंतर उमलणारी पांढरी सुवासिक फुले कोणालाही आवडतील. ती विषारी नाही आणि आपल्या हवेत उत्तम वाढते. मात्र ती लिंबाच्या कुळातील आहे. लिंबूवर्गीय झाडांवर सायला नावाची बारीक कीड येते, ती कुंतीच्या कोवळ्या शेंड्यांवरही वाढते. हीच कीड ग्रीनिंग नावाचा जीवाणूजन्य रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. या रोगात पानांवर शिरेच्या दोन्ही बाजूंस वेगवेगळे पिवळट डाग पडतात, फळे लहान व वाकडी राहतात आणि झाड हळूहळू खंगते. त्यावर खात्रीचा इलाज नाही. विजापूर जिल्ह्यात इंडी भागात लिंबावर कितीतरी घरे चालतात. अशा ठिकाणी आपल्या शोभेच्या कुंपणाने शेजाऱ्याच्या बागेला धोका पोचला, तर शेजारप्रीतीवरील आपले प्रवचन कोण ऐकेल? म्हणून जेथे लिंबू, मोसंबी, संत्र्याच्या बागा आहेत तेथे कुंती लावू नये. जेथे नाहीत तेथे खुशाल लावावी. परसातल्या कढीपत्त्यावरही ही कीड येते, तेव्हा त्याच्या कोवळ्या फुटीवर लक्ष ठेवावे. शंका आल्यास कर्नाटकात रयत संपर्क केंद्रात, गोव्यात विभागीय कृषी कार्यालयात पान नेऊन दाखवावे.

मग लावावे तरी काय? याचे उत्तर ऑसमँथसच्याच घराण्यात आहे. हे झुडूप ऑलिव्हच्या कुळातले. ज्याच्या तेलाने आपला बाप्तिस्मा व दृढीकरण यांत अभ्यंग होतो, ज्याच्या बागेत प्रभूने दुःखसहनापूर्वी प्रार्थना केली, तेच हे ऑलिव्ह. आणि त्याच कुळात आपला मोगरा, आपली जाई, जुई, कुंदा व प्राजक्तही येतात. ज्या सुवासासाठी आपण चीनकडे पाहतो, त्याच्या बहिणी आपल्या दारात उभ्या आहेत!

मोगऱ्याला भरपूर ऊन व निचऱ्याची जमीन द्यावी. डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून छाटणी करावी, मग कुजलेले शेणखत घालून पाणी सुरू करावे. मार्चपासून बहर येतो. पुनरुत्थानाचा सण आणि पवित्र मरियेचा मे महिना, दोन्हींच्या वेळी वेदीला ताजी फुले मिळतात. ज्यांची जमीन तांबडी, जांभ्या दगडाची आहे त्यांनी जोडीला अनंत लावावा. तो सदाहरित असून फूल मोठे, शुभ्र आणि गोड वासाचे असते. काळ्या चुनखडीच्या जमिनीत मात्र त्याची पाने पिवळी पडतात, तेथे त्याचा हट्ट धरू नये. प्राजक्त उन्हाळ्यात पाने गाळतो, पण पावसाळा सरता सरता व ऑक्टोबरच्या जपमाळेच्या महिन्यात सकाळी त्याच्या फुलांचा सडा पडतो.

यासाठी वर्गणीची गरज नाही. फादर देलावे यांच्या एका बियाची गोष्ट येथे उपयोगी पडावी. धर्मग्रामात एखाद्या घरी जुना, जोमदार मोगरा असतोच. त्याची खालची फांदी वाकवून, पेराशी थोडी साल खरवडून मातीत दाबावी व वर दगड ठेवावा. पावसाळ्यात दोन-तीन महिन्यांत मुळ्या धरतात. मग ती तोडून दुसरीकडे लावावी. एका झाडापासून दोन-तीन पावसाळ्यांत प्रत्येक वाड्याला रोप देता येईल. वाचलेले पैसे विहिरीचा गाळ काढण्यास किंवा आवारात पावसाचे पाणी जिरविण्यास खड्डे घेण्यास वापरावेत.

आरोग्याच्या दृष्टीने एक सूचना. वेदीवरच्या, ग्रोटोपुढच्या व दफनभूमीतील फुलदाण्यांचे पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून, भांडे घासून पुन्हा भरावे. कुंड्यांखालच्या बशाही कोरड्या कराव्यात. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. हे काम युवक मंडळाने शनिवारच्या साफसफाईबरोबर करावे.

येत्या पावसाळ्यापूर्वी समितीची सभा होईल तेव्हा प्रत्येक रोपाबद्दल तीन प्रश्न विचारावेत. याला मे महिन्यात पाणी कोठून देणार? मुलाने किंवा शेळीने हे चावले तर काय होईल? शेजाऱ्याच्या पिकाला यापासून त्रास आहे काय? तिन्हींची उत्तरे समाधानकारक मिळाली, तरच खड्डा खणावा. लोरेरोने आपण राहतो तेथल्या झाडांकडे नीट पाहिले, म्हणून त्याचे नाव राहिले. आपणही आपल्या अंगणातील झाडांकडे त्याच नजरेने पाहू या.