दोरा तेवढाच, वाट लांब

घरातल्या पृथ्वीगोलावर हेलसिंकीपासून टोकियोपर्यंत दोरा ताणून पाहा. अंतर भरते सुमारे ७,८०० किलोमीटर, आणि दोरा जातो बहुतेक रशियावरूनच. याच वाटेने साडेनऊ तासांत विमान पोचे. फिनएअरचा आशियातला सारा धंदा या जवळिकीवर उभा होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि युरोप व रशिया यांनी एकमेकांना आपापले आकाश बंद केले. आता उत्तर ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून वळसा, म्हणजे सुमारे १३ तास. मुद्दल तेच, व्याज वाढले, असे आम्ही बँकवाले म्हणू! १९८३ मध्येही सोव्हिएत आकाश टाळण्यासाठी याच कंपनीने ध्रुवावरची वाट धरली होती. जादा साडेतीन तासांच्या इंधनाचा बोजा शेवटी तिकिटावरच येतो.